लायका, चिकू आणि ७ नोव्हेंबरची डेडलाइन

आज मागून अधूनमधून भुंकल्याचा आवाज येईल. तो मी एडिट करून काढलेला नाही, कारण आजचा विषयच तो आहे.

आमच्याकडे चिकू आहे. वजन साडेसहा किलो, आई पॉमेरेनियन, बाप गल्लीतला कुणीतरी. लिफ्टमध्ये लोक विचारतात, "कुठली ब्रीड?" मी म्हणतो, "मिक्स." मग पुढचा प्रश्न येत नाही. तर आज साधारण याच वजनाच्या आणि अशाच बिनब्रीडच्या एका कुत्रीची गोष्ट. तिचं नाव तुम्हाला माहीत आहे, लायका. तिचं अंतराळ आपण शाळेत वाचलं. तिची काळजी कशी घेतली गेली, ते मात्र कुणी फारसं सांगत नाही.

४ ऑक्टोबर १९५७ ला सोव्हिएत रशियाने स्पुटनिक-१ सोडला आणि जग हादरलं. ख्रुश्चेव खूश. त्यांना लगेच पुढचा धमाका हवा होता, तोही ७ नोव्हेंबरच्या आत, कारण त्या दिवशी रशियन क्रांतीला ४० वर्षं होत होती. म्हणजे हातात जेमतेम चार आठवडे. आयटीतल्या मंडळींना हा प्रकार ओळखीचा वाटेल: तारीख आधी ठरते, डिझाइन नंतर.

कुत्र्यांची तयारी मात्र आधीपासून चालू होती. २२ जुलै १९५१ ला देझिक आणि त्सिगान ही दोन कुत्री रॉकेटमधून वर जाऊन जिवंत परत आली होती. शास्त्रज्ञ मुद्दाम मॉस्कोच्या रस्त्यांवरची कुत्री निवडायचे. थंडी आणि उपासमार सोसून जगलेला जीव जास्त तग धरेल, असा हिशोब होता. वजन सहा-सात किलोच्या आत हवं, आणि शक्यतो मादी हवी, कारण ती पाय वर करून लघवी करत नाही. त्या चिंचोळ्या कॅप्सूलमध्ये तेवढी जागाच नव्हती.

लायका साधारण तीन वर्षांची होती. तिचं आधीचं नाव कुद्र्याव्का, म्हणजे कुरळी. या कुत्र्यांना लहान लहान होत जाणाऱ्या पिंजऱ्यांत वीस-वीस दिवस ठेवत. खायला जेलीसारखं अन्न, ज्यात पाणीही असायचं, कारण गुरुत्वाकर्षण नसताना वाटीत पाणी राहणार नाही. उड्डाणाआधी तिचं अंग पुसून, विंचरून स्वच्छ केलं होतं. लाँच साइटवर कडाक्याची थंडी, म्हणून कॅप्सूलला नळीने गरम हवा दिली जात होती. आणि डॉक्टर याझदोव्स्की तिला निघण्याआधी आपल्या घरी घेऊन गेले, मुलांबरोबर खेळू दिलं. तिच्याकडे फार दिवस उरले नव्हते, म्हणून तिच्यासाठी काहीतरी चांगलं करावंसं वाटलं, असं त्यांनी पुढे लिहिलं.

म्हणजे बघा, माया होती. लक्ष होतं. फक्त परत यायची सोय नव्हती. चार आठवड्यांत ती बसतच नव्हती.

३ नोव्हेंबरला स्पुटनिक-२ उडाला. मिनिटाला १०३ ठोके असणारी लायकाची नाडी २४० वर गेली आणि पूर्ववत व्हायला सुमारे तीन तास लागले. पण रॉकेटचा एक भाग यानापासून वेगळा झालाच नाही, उष्णतारोधक आवरणही फाटलं. केबिनचं तापमान ४० अंशांवर गेलं. केबिनमध्ये पंखा होता, पण त्याचा उपयोग झाला नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते धापा टाकून, जिभेवरची ओल उडवून अंग थंड करतं. भोवतालची हवाच गरम आणि दमट असेल तर तो मार्ग बंद होतो. लायका पाच ते सात तासांत गेली.

जगाला हे कळलं २००२ मध्ये, दिमित्री मालाशेन्कोव या रशियन शास्त्रज्ञाने सांगितलं तेव्हा. तोवर ती बरेच दिवस जगली, शांतपणे गेली, असंच सांगितलं जायचं. तिला तयार करणाऱ्यांपैकी ओलेग गाझेन्को १९९८ मध्ये म्हणाले होते की दिवस जातात तसं जास्त वाईट वाटतं. तिच्या मरणाचं समर्थन होईल इतकं त्या मोहिमेतून शिकायला मिळालं नाही.

आता दुसरं चित्र. १९ ऑगस्ट १९६० ला बेल्का आणि स्त्रेल्का गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी सुखरूप उतरल्या. पुढे स्त्रेल्काला सहा पिल्लं झाली. त्यातली पुशिंका ख्रुश्चेव यांनी १९६१ मध्ये केनेडी कुटुंबाला भेट दिली. व्हाइट हाउसमधल्या चार्ली नावाच्या वेल्श टेरियरपासून तिला १९६३ मध्ये चार पिल्लं झाली. शीतयुद्ध ऐन भरात, आणि राष्ट्राध्यक्षांच्या अंगणात मॉस्कोच्या रस्त्यावरच्या कुत्रीची नातवंडं!

लायकावर स्त्रेल्कापेक्षा कमी माया होती का? तसं वाटत नाही. फरक एवढाच की स्त्रेल्काच्या यानात परतीची सोय आधीच केलेली होती.

हे सगळं मी का वाचत बसलो, तेही सांगतो. गेल्या मे महिन्यात शुक्रवारी आमचं रिलीज होतं. चिकूला खोलीत ठेवलं, पंखा लावला, पाणी ठेवलं, डोक्यावरून हात फिरवला आणि निघालो. दुपारी लाइट गेली. खिडक्या बंद होत्या. तीन वाजता आई आली तेव्हा तो जमिनीवर आडवा, जोरजोरात धापा टाकत होता. आईने साध्या पाण्याने पोट आणि पंजे भिजवले, दारं उघडली, रिक्षा करून डॉक्टरांकडे नेलं. वाचला. मी डोक्यावरून हात फिरवला होता, पण लाइट गेली तर काय, हा विचार केला नव्हता.

आता आमच्याकडे खिडकी उघडी असते, पाण्याच्या दोन वाट्या असतात, आणि शेजारच्या काकूंकडे किल्ली असते. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत फिरणं. डांबरावर हाताची मागची बाजू काही सेकंद टेकवून बघायची. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. त्याचे दाट केस तासून काढायचे नाहीत, फक्त विंचरायचे. बंद गाडीत पाच मिनिटंही एकटं सोडायचं नाही. रेबीजची लस दरवर्षी, तारीख फोनमध्ये. कांदा, द्राक्षं, चॉकलेट त्याच्यापासून लांब.

मिक्स ब्रीड काटक असते, तिला काही होत नाही, असं लोक म्हणतात. मॉस्कोतही हाच हिशोब होता.

तर मंडळी, उद्या घराबाहेर पडताना आपल्या कुत्र्याला बाय करा, आणि एकदा विचारा स्वतःला: मला यायला उशीर झाला, तर याचं काय? भेटू पुढच्या भागात. चिकू, बस आता, झालं रेकॉर्डिंग.