चॅट ॲप एवढं जड का झालं? टर्मिनलवरच्या गप्पांचा इतिहास

  ऑफिसचं चॅट ॲप उघडायला चहा होईपर्यंत वेळ लागतो, लॅपटॉपचा पंखा घोंघावतो आणि मेसेज काय असतो? "हो, बघतो." एवढ्याशा मजकुरासाठी एवढा भार का?

जरा मागे जाऊ. 15 ऑगस्ट 1995 ला विदेश संचार निगमने, म्हणजे व्हीएसएनएलने, मुंबईसह चार महानगरांत लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्यातलं स्वस्त होतं शेल अकाउंट. डायल-अप मोडेम, वेग 9.6 केबीपीएस आणि स्क्रीनवर फक्त अक्षरं. मेलसाठी पाइन, वेबसाठी लिंक्स. हे प्रोग्राम चालायचे तिकडच्या युनिक्स सर्व्हरवर. घरचा पीसी नुसता दाखवायचा. म्हणून जुना पीसीही पुरायचा. हिशोब करा: 80 बाय 25 चा स्क्रीन म्हणजे 2,000 अक्षरं, दोनेक सेकंदांत भरतो. आजचं 100 एमबीचं ॲप त्याच वेगाने उतरवायला जवळपास अख्खा दिवस लागेल.

टर्मिनलवर गप्पा त्याआधीच सुरू झाल्या होत्या. 1988 मध्ये फिनलंडच्या ओलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेनने आयआरसी लिहिलं. एक मेसेज जास्तीत जास्त 512 बाइटचा. 1991 मध्ये सोव्हिएत संघात सत्तापालटाचा प्रयत्न झाला, माध्यमांवर बंधनं आली, तेव्हा लोकांनी तिथल्या बातम्या आयआरसीवरून जगाला कळवल्या.

मग जड कधी झालं? 2013 मध्ये गिटहबने ॲटम शेल आणलं, पुढे त्याचंच नाव इलेक्ट्रॉन. वेबसाइट बनवणाऱ्यालाच डेस्कटॉप ॲपही बनवता येऊ लागलं. कंपन्यांचं काम वाचलं, पण अशा प्रत्येक ॲपसोबत अख्खं क्रोमियम ब्राउझर येतं. तीन ॲप उघडा, तीन ब्राउझर चालू. 4 जीबी रॅमचा सेकंडहँड लॅपटॉप तिथेच बसतो. आणि गावाकडून काम शोधणाऱ्या पोराकडे बहुतेक वेळा तोच असतो.

टर्मिनल क्लायंटचं काम तीन ओळींत सांगता येतं: सर्व्हरला जोडा, आलेला मेसेज छापा, टाइप केलेला पाठवा. 2003 पासूनचं वीचॅट आजही हेच करतं.

पण खरी मेख पुढे आहे. असा क्लायंट आपण बनवू शकतो, तो सर्व्हर बाहेरच्या प्रोग्रामला आत घेत असेल तरच. स्लॅकला पूर्वी आयआरसीमधून जोडता यायचं. मे 2018 मध्ये त्यांनी ती सोय बंद केली. आयआरसी कुठल्या एका कंपनीचं नाही, त्यामुळे तिथे कुणीही आपला क्लायंट लिहू शकतो.

तर घरी जुना लॅपटॉप पडून असेल, तर त्यावर लिनक्स आणि वीचॅट टाकून बघा. किती रॅम खाल्ली, ते आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!