ट्रॅक्टर सेल्फ घेत नाही? नवी बॅटरी आणण्याआधी वायरी तपासा

गेल्या रब्बीत ऐन हरभऱ्याच्या पेरणीत माझा ट्रॅक्टर उभा राहिला. चावी फिरवली की नुसतं 'टक' वाजायचं. दुकानदार म्हणाला, बॅटरी गेली. साडेसहा हजार मोजून नवी आणली, आणि आठ दिवसांत पुन्हा तेच. शेवटी गावातल्या वायरमनने खाली वाकून मायनसची वायर हलवली, तर ती चेसिसच्या बोल्टवर गंजून सैल झालेली. पॉलिश पेपर मारला, बोल्ट आवळला, ट्रॅक्टर चालू! जुनी बॅटरी मी तोवर मोडीत देऊन बसलो होतो.

असं अनेकांचं होतं. म्हणून घरच्या घरी काय तपासायचं, ते क्रमाने देत आहे. १२ व्होल्टच्या सगळ्या साध्या ट्रॅक्टरला हे लागू पडतं.

हात लावण्याआधी

- ट्रॅक्टर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चावी काढलेली.
- बॅटरीजवळ बिडी, काडी नको. चार्ज होताना निघणारा वायू ठिणगीने पेटतो, बॅटरी फुटते.
- वायर सोडताना आधी मायनस, जोडताना मायनस शेवटी. उलटं केलं आणि पाना बॉडीला टेकला, तर मोठी ठिणगी पडते.
- हातातलं कडं, अंगठी काढून ठेवा. ॲसिड अंगावर किंवा डोळ्यात उडालं तर लगेच भरपूर पाण्याने किमान १५ मिनिटं धुवा. डोळ्यात गेलं असेल तर धुऊन झाल्यावर दवाखाना गाठा.

१) टर्मिनल

निम्म्या तक्रारी इथंच मिटतात. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचली की करंट अडतो. दोन्ही वायरी सोडा. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या ब्रशने घासा. बॅटरीची बुचं घट्ट हवीत, सोड्याचं पाणी आत जाता कामा नये. मग पॉलिश पेपरने शिसं चकचकीत करा, क्लॅम्प आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली आधी लावू नका, आवळल्यावर लावा. क्लॅम्प हाताने फिरत असेल तर तो सैलच समजा.

२) अर्थची वायर

मायनसची जाड वायर किंवा पट्टी चेसिसला अथवा इंजिनला जोडलेली असते. चिखल, शेणखत, पाणी लागून ती जागा गंजते. बोल्ट काढून खालचा रंग, गंज खरवडून उघडं लोखंड दिसू द्या आणि पुन्हा आवळा. वायरीच्या टोकाचा लगही बघा. वरून धड दिसणाऱ्या वायरीच्या आतल्या तारा सडलेल्या असू शकतात.

शंका असेल तर एक युक्ती. एकाला सीटवर बसवून इंजिन बंद करायचा नॉब ओढून धरायला सांगा आणि सेल्फ ५ ते १० सेकंद मारायला लावा. नंतर प्रत्येक जोडाला जपून हात लावा. जो जोड गरम लागेल, तिथं करंट अडतोय.

३) मल्टिमीटरचे आकडे

साधा मल्टिमीटर गावात एकाकडे असला तरी पुरतो. डीसी २० व्होल्टवर ठेवा.

- रात्रभर उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी: १२.६ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ किंवा कमी म्हणजे उतरत आलेली.
- सेल्फ मारताना: १० च्या आसपास राहावं. भरलेली बॅटरीही ९.५ च्या खाली जात असेल तर बॅटरीवर संशय घ्या.
- इंजिन चालू, थोडी रेस: १३.८ ते १४.५. वाढतच नसेल तर अल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा वायर बघा. १५ च्या वर गेलं तर बॅटरीचं पाणी आटतं.
- अर्थ तपासायला एक काडी बॅटरीच्या मायनस खुंटीवर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर. सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर दोष अर्थच्या वायरीत.

४) उभ्या उभ्या बॅटरी उतरते

बहुतेक वेळा टेप किंवा जादा लाइट थेट बॅटरीवरून जोडलेली असते. ५ वॅटचा एक बल्ब चालू राहिला तरी दिवसाला सुमारे १० अँपिअर-तास खातो, म्हणजे ७५ ची बॅटरी आठवड्यात रिकामी. तपासायला सगळं बंद करा, मायनस सोडा आणि खुंटी व वायर यांच्यामध्ये १२ व्होल्टचा छोटा बल्ब धरा. बल्ब पेटला तर गळती आहे. एकेक फ्यूज काढत चला. ज्या फ्यूजला बल्ब विझेल, ती लाइन दोषी. सगळे फ्यूज काढूनही पेटत असेल तर थेट जोडलेल्या वायरी आणि अल्टरनेटर तपासून घ्या.

फ्यूजच्या जागी तार घालू नका. फ्यूज वायर वाचवायला असतो. तार घातली की वायरच जळते, आणि शेजारी डिझेलची टाकी असते. जादा वायर ओढलीच तर बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज बसवा.

५) ट्रॉलीचे दिवे

इंडिकेटर लावला की मागचे सगळेच दिवे मिणमिणतात? बल्ब बदलू नका, ट्रॉलीला अर्थ मिळत नाही. हुकाच्या पिनवर भरवसा न ठेवता सॉकेटमधून अर्थची वेगळी वायर ट्रॉलीच्या चेसिसला जोडा. रात्री उसाची ट्रॉली मागच्याला दिसली पाहिजे, हा जिवाचा प्रश्न आहे.

आणि हे कधीच नको

खाली उभं राहून सेल्फवर पाना टेकवून ट्रॅक्टर चालू करू नका. असं केलं की न्यूट्रलचा सेफ्टी स्विच असूनही कामाचा राहत नाही. ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर मागचं चाक अंगावरच येतं. पेरणी एक दिवस लांबली तरी चालेल. वायर आज सापडली नाही तर उद्या वायरमनला बोलवा.