अखेरची जबानी : कर्नल पॅनिकची कुळकथा

संगणक चालता चालता एकाएकी थबकतो, पडद्यावर चार-सहा अगम्य ओळी उमटतात, आणि त्यानंतर कळफलकावर कितीही बोटे आपटली तरी यंत्र दाद देत नाही, हा प्रसंग ज्याच्यावर गुदरला नाही असा संगणक वापरणारा आज विरळाच सापडेल. अशा वेळी यंत्र बंद पडले असे आपण म्हणतो आणि त्रासून बटण दाबतो. परंतु ज्याला आपण बंद पडणे समजतो, तो बहुतांशी यंत्राच्या अंतरंगात बसलेल्या सर्वाधिकारी प्रोग्रॅमने, म्हणजे कर्नलने, आपल्या ठायी उरलेल्या शेवटच्या शुद्धीवर घेतलेला निर्णय असतो. थांबण्यापेक्षा पुढे जाणे अधिक घातक आहे असा तो निवाडा, आणि पडद्यावरच्या ओळी ही त्या निवाड्यामागची जबानी. ही जबानी देण्याची वहिवाट कोणी पाडली, मध्यंतरी ती हातची कशी निसटली, आणि ती पुन्हा मिळवण्यासाठी किती पिढ्यांचे श्रम खर्ची पडले, याचा इतिहास माझ्या मते संगणकशास्त्रातील अत्यंत उद्बोधक प्रकरणांपैकी एक आहे.

या कुळाचे मूळ शोधू गेल्यास आपण १९६० नंतरच्या दशकातील मल्टिक्स या प्रकल्पापाशी येऊन पोहोचतो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, जनरल इलेक्ट्रिक कंपनी आणि बेल लॅबोरेटरीज या तिघांनी मिळून आरंभलेल्या या प्रकल्पाची आकांक्षा अशी होती, की वीज किंवा दूरध्वनी यांप्रमाणे संगणकाची सेवाही नागरिकांस अहोरात्र मिळावी. जी सेवा अहोरात्र चालावयाची तिला मध्येच थांबण्याची मुभा नव्हती. साहजिकच प्रत्येक संभाव्य प्रमादातून सावरण्याची तजवीज त्या प्रणालीत करावी लागली. १९६९ साली बेल लॅबोरेटरीजने या मसलतीतून अंग काढून घेतले, आणि तेथील केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी पीडीपी-७ या लहानशा यंत्रावर युनिक्सची उभारणी सुरू केली. मल्टिक्सचे एक कर्ते टॉम व्हॅन व्लेक यांनी रिचींशी झालेल्या संभाषणाची आठवण लिहून ठेवली आहे. आपण लिहितो त्यातला निम्मा मजकूर चुकांतून सावरण्यासाठीच असतो, असे व्हॅन व्लेक म्हणाले, तेव्हा रिचींनी उत्तर दिले, की आम्ही ते सारे गाळून टाकले आहे. चूक झाली की पॅनिक नावाचे एक कलम चालते, यंत्र कोसळते, आणि मग बाहेरच्या बोळात आवाज देऊन कोणाला तरी ते पुन्हा चालू करावयास सांगायचे.

हे उत्तर वरकरणी बेफिकिरीचे वाटते. ते तसे नाही, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने युनिक्सच्या १९७५ सालच्या सहाव्या आवृत्तीतील ते कलम डोळ्यांखालून घालावे. जेमतेम चार पायऱ्यांचे ते काम आहे. आपल्याला मिळालेला संदेश ते प्रथम स्मृतीत एका ठरावीक जागी नोंदवते. मग स्मृतीत साचलेला, डिस्कवर जावयाचा राहिलेला मजकूर डिस्कवर उतरवते. त्यानंतर ‘पॅनिक’ हा शब्द आणि त्यापुढे तो संदेश कन्सोलवर छापते. आणि अखेरीस एका अनंत आवर्तनात शिरून स्वस्थ बसते. संदेशही मोजके असत : डिस्कवर अदलाबदलीची जागा संपली, मूळ डिस्कचे पहिले पान वाचता आले नाही, प्रोसेसरने अनपेक्षित दोषाची हाक, म्हणजे ट्रॅप, दिली. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील जॉन लायन्स यांनी १९७६-७७ च्या सुमारास या आवृत्तीचा संपूर्ण मूळ पाठ आणि त्यावरील भाष्य विद्यार्थ्यांसाठी दोन खंडांत सिद्ध केले. पुढे सातव्या आवृत्तीच्या परवान्याने वर्गात मूळ पाठ शिकवण्यास मनाई झाली, तेव्हा त्या खंडांच्या छायाप्रतींच्या छायाप्रती हातोहात फिरू लागल्या, आणि रीतसर छापील ग्रंथ निघावयास १९९६ साल उजाडले. कर्नल कसा विचार करतो आणि कोणत्या प्रसंगी हात टेकतो, हे एका अख्ख्या पिढीने त्या पुसट पानांवरून शिकून घेतले.

येथे एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. त्या काळी कन्सोल म्हणजे बहुधा कागदावर छापणारे टेलिटाइप यंत्र असे, त्यामुळे कर्नलची जबानी आपोआप कागदावर राही. यंत्र पुन्हा चालू केले तरी ती पुसली जात नसे. शिवाय त्याहूनही जुनी एक सोय हाताशी होती. १९५३ साली मॅसॅच्युसेट्सच्या व्हर्लविंड या संगणकात फेराइटच्या बारीक कड्या तारांत ओवून केलेली कोअर स्मृती प्रथम बसवली गेली, आणि तिचा गुण असा, की वीज गेली तरी कड्यांतील चुंबकत्व, म्हणून त्यातील मजकूर, जागच्या जागी राहत असे. तेव्हा कोसळलेल्या यंत्राची सगळी स्मृती अंकांच्या रूपाने कागदावर उतरवून घ्यावी आणि पेन्सिल घेऊन एकेक ओळ तपासावी, अशी तपासाची रीत रूढ झाली. कड्या कधीच अस्तंगत झाल्या. त्या नक्कलेला मात्र जाणकार मंडळी अजूनही कोअर डंप असेच म्हणतात.

पुढे कागदाची जागा काचेच्या पडद्याने घेतली, कोअरच्या जागी वीज जाताच रिकामी होणारी अर्धवाहक स्मृती आली, आणि या दोन्ही सुधारणांनी मिळून जबानीचा आधार काढून घेतला. पडद्यावर दिसते तोवर दिसते. बटण दाबले की दप्तर जळाले. बर्कलीच्या युनिक्सकारांनी यावर तोड काढली, ती अशी, की कोसळतेवेळी कर्नलने सारी स्मृती डिस्कवरील अदलाबदलीच्या जागेत लिहून ठेवावी आणि पुढच्या आरंभी दुसऱ्या प्रोग्रॅमने ती उचलून सुरक्षित जागी न्यावी. परंतु ज्या कर्नलचा स्वतःच्या स्मृतीवरच विश्वास उरलेला नाही त्याने डिस्कला हात लावावा काय, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. युनिक्सच्याच धर्तीवर घडलेल्या लिनक्सने याचे उत्तर हळूहळू नकारार्थी दिले. जुन्या लिनक्समध्ये पॅनिकच्या वेळी साचलेला मजकूर डिस्कवर उतरवला जाई, आणि जेथे तसे करणे अशक्य असे तेथेच तशी सूचना छापली जाई. पुढे डिस्कलेखन अजिबात वर्ज्य झाले, आणि म्हणून आज प्रत्येक लिनक्स पॅनिकच्या ओळीत ‘नॉट सिंकिंग’ हे शब्द येतात. नवख्यांना ते दोषाचे कारण वाटते आणि कित्येक जण त्याचाच शोध घेत बसतात. खरे कारण त्याच्या पुढे, अपूर्णविरामानंतर लिहिलेले असते.

आता कर्नलवर ही पाळी येते कोणामुळे? कर्नल सर्वाधिकारी असला तरी तो एकटा नसतो. डिस्क, पडदा, ध्वनी, छपाईयंत्र या प्रत्येकाशी बोलण्यासाठी ड्रायव्हर नावाचे दुभाषे लागतात; ते बहुधा ती ती वस्तू बनवणाऱ्या कारखान्यातून येतात, आणि प्रचलित प्रणालींत त्यांना कर्नलच्याच अधिकाराने वावरण्याची सनद मिळते. स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी २००१ साली लिनक्सच्या मूळ पाठाची यांत्रिक तपासणी केली, तेव्हा ड्रायव्हरांतील चुकांचे प्रमाण उर्वरित कर्नलच्या तिपटीपासून सातपटीपर्यंत आढळले. त्याआधीच २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात हे सर्वांच्या डोळ्यांदेखत घडले होते : बिल गेट्स मंचावर उभे असताना, यूएसबी स्कॅनर जोडताच विंडोज ९८ त्याला कसे ओळखते हे त्यांचे सहकारी दाखवू गेले, आणि स्कॅनर जोडताच विंडोज कोसळल्याची जबानी देणारा निळा पडदा आला.

विंडोज एनटीचा निळा पडदा मायक्रोसॉफ्टच्या जॉन व्हर्ट यांनी रचला, आणि १९९३ साली एनटीच्या पहिल्या आवृत्तीबरोबर तो लोकांपुढे आला. ज्या मिप्स यंत्रावर ते काम करीत त्याचा आरंभीचा पडदा निळ्यावर पांढऱ्या अक्षरांचा होता, त्यांचा संपादक प्रोग्रॅमही तसाच होता, म्हणून हाही तसाच झाला. या पडद्यावरचा अंक निरर्थक नसतो. ‘डी १’ हा अंक घ्या : उपकरणाने तातडीची हाक दिल्यावर ड्रायव्हरचा जो भाग धावतो त्याला कोठेही थांबण्याची परवानगी नसते, आणि डिस्कवर गेलेली स्मृती परत आणावयाची तर थांबावेच लागते, तेव्हा अशा घटकेस ड्रायव्हरने तसल्या स्मृतीला हात घातला असा तो आरोप आहे. सोबतचे चार अंक कोणत्या पत्त्याला हात घातला, कोणत्या श्रेणीत, वाचावयास की लिहावयास, आणि कोठून, हे क्रमाने सांगतात. ‘७ बी’ म्हणजे आरंभाची डिस्कच सापडली नाही. बायॉसमध्ये डिस्कच्या नियंत्रकाची पद्धत कोणी बदलली असेल तर ती पूर्ववत करताच यंत्र बहुधा उभे राहते.

लिनक्सची जबानी अधिक विस्तृत असते आणि, माझ्या अनुभवाने, अधिक प्रांजळ. सगळाच दोष प्राणघातक नसतो, म्हणून तेथे पॅनिकच्या अलीकडे ‘ऊप्स’ नावाची एक सौम्य पायरी आहे, जिच्यात गुन्हेगार प्रक्रियेला ठार करून कर्नल जमल्यास पुढे चालतो. या ऊप्सच्या पहिल्या ओळीत जो पत्ता असतो तो प्रथम पाहावा. पत्ता लांबलचक असून शेवटचे दोन अंक ‘१०’ आणि बाकी सारी शून्ये असतील तर उलगडा तेथेच होतो : षोडशमान पद्धतीत दहा म्हणजे सोळा, जेथे एखाद्या रचनेचा पत्ता असावयास हवा होता तेथे शून्य होते, आणि त्या नसलेल्या रचनेतील सोळाव्या बाइटवरचे घर कोणीतरी मागितले. मग त्या घटकेस कोणते फंक्शन चालू होते ते वाचावे, आणि त्याखालील फंक्शनांची उतरंड खालून वर वाचत जावी, म्हणजे कोण कोणाला बोलावीत तेथवर आले याचा क्रम लागतो. फंक्शनापुढे चौकटी कंसात मॉड्यूलचे, म्हणजे कर्नलला वेगळ्या जोडलेल्या भागाचे, नाव आले, की संशयित ड्रायव्हर सापडला. ‘टेंटेड’ या शब्दापुढची अक्षरेही वगळू नयेत : ‘पी’ म्हणजे मूळ पाठ गुप्त असलेले मॉड्यूल कर्नलमध्ये शिरले आहे, आणि अशा जबानीवर कर्नलकार बहुधा वेळ खर्च करीत नाहीत, ‘एम’ म्हणजे खुद्द प्रोसेसरनेच हार्डवेअरच्या दोषाची वर्दी दिली आहे.

दोष ड्रायव्हरचा की हार्डवेअरचा, हे ओळखण्याची कसोटी लिनक्सच्या पहिल्या दशकातील लोकांना अनायासे गवसली. कर्नल घरी कंपाइल करण्याचा तो काळ. कंपाइलर मध्येच ‘सिग्नल ११’ म्हणून मरे, आणि पुन्हा चालवला की निराळ्याच जागी मरे. प्रोग्रॅमची चूक सहसा दरवेळी त्याच जागी प्रकट होते. जी जागा बदलते ती चूक बहुधा सदोष स्मृतीची, अतितापाची किंवा कमकुवत वीजपुरवठ्याची असते, हा सिद्धान्त तेव्हापासून प्रचलित झाला, आणि आजही ड्रायव्हर बदलीत बसण्यापूर्वी स्मृती तपासणारा मेमटेस्ट रात्रभर चालवावा असे जाणते लोक सांगतात ते त्याच आधारावर.

या साऱ्या विद्येची परीक्षा १९ जुलै २०२४ रोजी झाली. भारतीय वेळेनुसार सकाळी नऊ वाजून एकोणचाळीस मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीने आपल्या विंडोज ड्रायव्हरसाठी एक लहानशी फाइल पाठवली. त्या फाइलीला एकवीस मूल्ये अपेक्षित होती, ड्रायव्हरला वीसच पुरवली जात, आणि एकविसावे वाचावयास गेलेला ड्रायव्हर आपल्या हद्दीबाहेर गेला. अठ्ठ्याहत्तर मिनिटांत फाइल मागे घेतली गेली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख यंत्रे निळ्या पडद्याशी येऊन ठेपली होती. आपल्याकडील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ड्रायव्हर आरंभीच चालू होत असल्याने यंत्र सुरू होताच पुन्हा कोसळे, त्यामुळे दुरून बहुधा काही करता येईना. कित्येक हजार कार्यालयांतील कर्मचाऱ्यांनी एकेका यंत्रासमोर बसून, सेफ मोडमध्ये जाऊन, ती एक फाइल हाताने पुसली. त्या लोकांविषयी मला नितांत आदर वाटतो. थांबलेल्या यंत्रांनी मात्र आपले काम चोख केले होते. हद्दीबाहेर गेलेल्या ड्रायव्हरला पुढे जाऊ दिले असते तर कोणाचा कोणता मजकूर नासला असता हे सांगता येत नाही.

२०२५ साली मायक्रोसॉफ्टने निळा रंग सोडून पडदा काळा केला आणि मजकूर आणखी कमी केला. हे मला पसंत नाही. जबानी आखडती घेतल्याने भय कमी होते, तपास सोपा होत नाही. लिनक्सने २०२४ मध्ये याच्या उलट दिशा धरली : नव्या कर्नलांत पॅनिकचा मजकूर क्यूआर कोडच्या रूपाने पडद्यावर उमटवता येतो, आणि टेलिटाइपच्या कागदाबरोबर गेलेली ती सोय कोणाच्याही खिशातल्या फोनवर परत मिळते. तेव्हा वाचकांस माझी एवढीच विनंती, की पुढल्या खेपेस यंत्र असे थांबले तर बटणाकडे हात नेण्यापूर्वी पडद्याचे स्वच्छ छायाचित्र घ्यावे, त्याआधी कोणती वस्तू जोडली किंवा कोणता ड्रायव्हर बदलला ते चार शब्दांत टिपून ठेवावे, आणि दुरुस्तीस बसणाऱ्या माणसाच्या हाती हे दोन्ही द्यावे. त्याचे अर्धे काम तेथेच होते.