पावाचा एक तुकडा आणि चोरीला गेलेली कागदपत्रे

१८५० च्या सुमाराची मुंबई. एका घरात बंद दाराआड निरनिराळ्या जातींचे शिकलेले तरुण जमले आहेत. नव्याने येणाऱ्याला जातिभेद न मानण्याची प्रतिज्ञा घ्यावी लागते. पण केवळ शब्दांवर भागत नाही. ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव आणि मुसलमानाच्या हातचे पाणी त्याच्यापुढे येते. तो घास घशाखाली उतरला की तो सभासद झाला.

ही परमहंस सभा. तिची स्थापना १८४९ मध्ये झाली. पुढाकार मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांचा होता, तर अध्यक्ष राम बाळकृष्ण जयकर होते. सभेची सुरुवात आणि शेवट प्रार्थनेने होई. त्या प्रार्थना दादोबांनीच रचल्या होत्या. बाबा पदमनजी हेही काही काळ या सभेत होते. पुढे ते ख्रिस्ती झाले आणि ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्यांनी सभेविषयी लिहिले.

गुप्त बंधुमंडळाचा नमुना मुंबईकरांना तोवर परिचित झाला होता. फ्रीमेसन लॉजमध्ये साहेब लोक भरत. माणेकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांना मुंबईत प्रवेश नाकारला गेला, तेव्हा त्यांनी थेट पॅरिसला दीक्षा घेतली! अखेर १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज भारतीयांसाठी निघाले. (दोनच वर्षांपूर्वी काबूलमध्ये मारले गेलेले अलेक्झांडर बर्न्स हे त्यांचे धाकटे बंधू.)

लॉजमध्ये सभा आटोपली की बंधूंनी एका मेजावर जेवायचे, असा शिरस्ता. तेथे भोजन हा सोहळ्याचा उत्तरार्ध होता. परमहंस सभेत मात्र तो घास हीच परीक्षा होती.

त्या घासाची किंमत मुंबईत बसून कळत नाही. पेणहून धरमतरच्या खाडीने किंवा रोह्याहून कुंडलिकेच्या मुखाकडे उतरून गलबताने मुंबईला आलेला एखादा तरुण डोळ्यांपुढे आणावा. त्याची नोकरी मुंबईत. पण घर, बहिणीचे लग्न, वडिलांचे श्राद्ध सारे गावी. बातमी गावात पोहोचली, तर वाळीत त्याला एकट्याला टाकत नसत. घरात सोयरीक येणे थांबे, भटजी पायरी चढत नसे, पंगतीतले पान उठे. गुप्तता पाळणाऱ्यांना भित्रे म्हणणे म्हणूनच फार सोपे आहे.

१८६० मध्ये सभेची कागदपत्रे चोरीला गेली. सभासदांची नावे बाहेर फुटली आणि सभा विखुरली. १८६७ मध्ये दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या घरी प्रार्थना समाज स्थापन झाला. त्याचे दार उघडे होते; पण सभासद होण्यासाठी जात मोडण्याची अट आता उरली नव्हती. गुप्ततेबरोबर तो घासही गेला.

१८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये गोपाळराव जोशी यांनी काही प्रतिष्ठितांना चहा-बिस्किटांसाठी जमवले. त्यांत रानडे होते, टिळकही होते. पुढे पाहुण्यांची यादी वृत्तपत्रात छापून आली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि १८९२ मध्ये प्रार्थना समाजाचे धुरीण न्यायमूर्ती रानडे यांनी प्रायश्चित्त घेतले.