क्षयाच्या गोळ्या आणि यकृत

परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा गावात आज कुणाला फुप्फुसाचा क्षय झाला, तर उपचार बहुधा घरीच होतात. २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार त्याच्या घरातल्या धडधाकट माणसांनाही प्रतिबंधक औषध देता येते. ते देण्याआधी विचारायचे प्रश्न असे : कावीळ आहे का? दारू पिता का? रोग फुप्फुसाचा, मग चौकशी यकृताची का, असे एखादा विद्यार्थी विचारीलच.

आयसोनियाझिड हे संयुग मायर आणि माली यांनी १९१२ साली प्रागमध्ये बनवले. त्याचा औषधी उपयोग त्यांना ठाऊक नव्हता! तो कळला चाळीस वर्षांनी. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयातले खंगलेले क्षयरोगी या गोळ्यांनी उठून जेवू लागले. औषध स्वस्त आणि तोंडाने घेण्याजोगे. १९५६ पासून मद्रासच्या केंद्रात झालेल्या प्रयोगात दिसले, की गोळ्या नीट घेतल्या तर रोगी घरी राहूनही आरोग्यधामातल्या रोग्याइतकाच बरा होतो. पुढे हेच औषध क्षय होऊ नये म्हणून निरोगी माणसांनाही मोठ्या प्रमाणावर दिले जाऊ लागले. त्यापासून फारसा धोका नाही, अशीच समजूत होती.

१९७० मध्ये वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल हिल भागातल्या २,३२१ कर्मचाऱ्यांना ते प्रतिबंधक म्हणून दिले गेले. त्यांपैकी १९ जणांना यकृताचा आजार झाला, १३ जणांना कावीळ दिसली आणि दोघे दगावले. इतकी वर्षे हे लक्षात कसे आले नाही? माझ्या मते कारण साधे आहे. रोग्याला सोबत इतर औषधेही चालू असतात, त्यामुळे त्याला कावीळ झाली तर दोष कुणाचा हे ठरत नाही. निरोगी माणूस एकच गोळी घेत असेल, तर संशयाला दुसरी जागा उरत नाही.

आयसोनियाझिडची विल्हेवाट यकृतातच लागते. तिथले एक विकर त्याला ॲसिटिल गट जोडते. काही माणसांत हे काम जन्मतःच सावकाश चालते. भारतात अशी माणसे निम्म्याहून अधिक आहेत. त्यांच्यात यकृताला घातक असे उपपदार्थ जास्त साचतात. वय आणि दारू यांनी धोका आणखी वाढतो.

रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड हेही यकृताला त्रास देऊ शकतात. पायराझिनामाइड तर १९५०च्या दशकात मोठ्या मात्रेमुळे बदनाम होऊन बाजूला पडले होते. १९७०च्या दशकात ते कमी मात्रेत परतले आणि त्यामुळे उपचार सहा महिन्यांवर आले. पण २००० साली अमेरिकेत हीच दोन औषधे निरोगी संसर्गितांना दोन महिने देण्याची शिफारस झाली, तेव्हा यकृत निकामी होऊन मृत्यू घडले. २००३ मध्ये ती शिफारस मागे घेतली गेली. क्षयाने मरू शकणाऱ्या रोग्याच्या बाबतीत जो धोका पत्करणे योग्य ठरते, तो निरोगी माणसावर कसा लादायचा?

उपचार घरी आले, तशी पाळतही घरच्यांकडे आली. अन्नावरची वासना जाणे, सतत मळमळ, गडद लघवी, पिवळे डोळे यांपैकी काही दिसले, तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. रक्ततपासणीनंतर, यकृत सावरले की, डॉक्टर रोग्याची औषधे बहुधा एकेक करून पुन्हा सुरू करतात. बहुतेकांचा उपचार असा पूर्ण होतो.