पुढची ओवी कुणाला येते?



मी राहते ठाण्यात, टेंभी नाक्याजवळ. मुरबाड-शहापूरकडच्या बऱ्याच जणींना हे नाव नवरात्रामुळे माहीत आहे. १९७८ पासून नाक्यावर देवी बसते. नऊ दिवस रस्ता माणसांनी भरलेला असतो आणि लाऊडस्पीकरवर पहाटेपासून गाणी चालू असतात. नाक्याची गोष्ट ज्यात येते तो ‘धर्मवीर’ सिनेमा २०२२ साली आला आणि २०२४ साली त्याचा दुसरा भागही आला. गोष्ट लोकांना आवडली की तिचा पुढचा भाग निघतो, एखादं पात्र आवडलं की त्याच्यावर वेगळी गोष्ट बेतली जाते. आपल्याला वाटतं, ही सिनेमावाल्यांची नवी युक्ती. पण चारशे वर्षांपूर्वी नाताळच्या ओव्यांचं असंच झालं होतं, आणि तेही मराठीत. आज मी तीच गोष्ट सांगणार आहे.

सुरुवात झाली करंज्यांपासून. मागच्या डिसेंबरमध्ये आमच्या बचत गटाला नाताळच्या फराळाची ऑर्डर मिळाली. गटात एक मावशी आहेत, ठाण्यातल्या जुन्या ख्रिस्ती घरातल्या. त्यांच्याकडे करंजीला नेवरी म्हणतात. सारण तेच, मुरड तीच. आम्ही आठ जणी लाटत होतो, भरत होतो. मावशी हळूच गुणगुणायला लागल्या. चाल ऐकून माझा हात थांबला. ती ओवीची चाल होती. माझी आजी जात्यावर ज्या लयीत म्हणायची, तशीच. पण शब्द होते बाळ येशूचे, त्याच्या आईचे, गोठ्यातल्या गुरांचे.

दोन ओव्या झाल्या आणि मावशी थांबल्या. मी म्हटलं, “मावशी, पुढचं म्हणा ना.” त्या म्हणाल्या, “पुढचं सासूला यायचं गं. मला एवढंच राहिलंय.”

त्या रात्री मला झोप लागेना. बी.ए.ला इतिहास आणि मराठी शिकताना एक ओळ पाठ केली होती: ‘फादर स्टीफन्स, ख्रिस्तपुराण, १६१६.’ परीक्षेत ती लिहिली, मार्क मिळाले, विषय संपला. आता ती ओळ पुन्हा आठवली. मावशींची ओवी त्या पुराणातली आहे असं मी म्हणत नाही. पण ख्रिस्ती घरात ओवी आली कशी, ते मला शोधायचं होतं. म्हणून जमेल तेव्हा पुस्तकं काढून वाचायला बसले.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज माणूस. १५७९ साली जहाजाने गोव्यात आला आणि १६१९ साली तिथेच वारला. मधली चाळीस वर्षं तो बहुतेक साष्टीत राहिला. आता इथे घोटाळा करू नका. साष्टी दोन आहेत. एक गोव्यातली, मडगावकडची, आणि दुसरी आपली, ज्या बेटावर ठाणं वसलंय ती. स्टीफन्सची साष्टी गोव्यातली. दोन्ही साष्टींवर तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य होतं. ठाण्यात ते १७३७ पर्यंत टिकलं. त्या वर्षी मराठ्यांनी ठाणं घेतलं आणि १७३९ साली वसई. आमच्या तलावपाळीजवळचं सेंट जॉन चर्च मूळ त्या पोर्तुगीज काळातलं. टेंभी नाक्यावरून चालत जाता येतं.

त्या काळी गोव्यात देवळं पाडली गेली, जुन्या पोथ्या हिसकावून घेतल्या गेल्या. जे ख्रिस्ती झाले त्यांच्या घरातून पुराण, कीर्तन, ओवी सगळंच गेलं. त्यांना प्रार्थना शिकवल्या. पण प्रार्थना पाठ करणं वेगळं आणि संध्याकाळी चार माणसं जमवून गोष्ट ऐकणं वेगळं. स्टीफन्सने आपल्या पुराणाच्या सुरुवातीलाच एक प्रसंग लिहिलाय. नवा ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्र्याला विचारतो, की तुम्ही आमची जुनी पुराणं बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरं पुराण का देत नाही?

मैत्रिणींनो, मला हा प्रश्न फार मोठा वाटतो. घेतलंत, त्याच्या बदल्यात काय देता? आणि देणार असाल तर आमच्या भाषेत, आमच्या चालीत द्या.

स्टीफन्सने दिलं. सुमारे अकरा हजार ओव्या. ज्ञानेश्वरांनी वापरली तीच ओवी. स्वर्गाला त्याने वैकुंठ म्हटलं. मराठीचं कौतुक तर असं केलं की शाळेतल्या मुलांना आजही ते शिकवतात: फुलांत जसा मोगरा, सुगंधात जशी कस्तुरी, तशी भाषांमध्ये मराठी. हे एका परदेशी माणसाने लिहिलं! नागरी अक्षरांचे खिळे छापखान्यात नव्हते, म्हणून मराठी पुस्तक रोमन अक्षरांत छापलं गेलं.

आता गंमत ऐका. या पुराणाचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात जगाची उत्पत्ती आणि येशूच्या आधीच्या कथा. त्यात नाताळ नाही. नाताळ म्हणजे जन्म, हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. तो जन्म, तो गोठा, ते मेंढपाळ, हे सगळं येतं दुसऱ्या भागात. म्हणजे मराठीतली नाताळची ही थोरली गाणी चक्क ‘भाग दोन’मधली! आणि पहिल्यापेक्षा दुसरा भाग मोठा आहे. पहिल्यात ३६ अध्याय, दुसऱ्यात ५९. अध्यायाला तो ‘अवस्वरू’ म्हणतो.

पुराण लोकांना आवडलं. रविवारी आणि सणाला चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर ते वाचलं, गायलं जाई. १६४९ आणि १६५४ साली ते पुन्हा छापलं. आणि मग जे व्हायचं तेच झालं. त्यातल्या पात्रांच्या वेगळ्या गोष्टी निघाल्या.

एतिएन द ला क्रुवा हा फ्रेंच पाद्री. त्याने येशूचा एक शिष्य उचलला, मासे धरणारा पीटर, आणि त्याच्या एकट्यावर भलं मोठं ओवीबद्ध पुराण रचलं. ते १६२९ ते १६३४ या काळात छापलं गेलं. पुढे आंतोनियु द साल्दान्याने संत अँथनीची कथा लिहिली, ती १६५५ ची. हा अँथनी मूळ गोष्टीतला नाहीच, तो येशूनंतर बाराशे वर्षांनी झालेला संत. पण लोकांना ओवीत गोष्ट हवी होती, म्हणून त्याचीही ओवी झाली.

आणि आपल्या भागासाठी? वसईकडे फ्रान्सिस्को वाझ द गिमाराइंश नावाचा पाद्री होता. त्याने १६५९ साली येशूच्या दुःखाचं आणि मरणाचं पुराण उत्तर कोकणातल्या मराठीत रचून छापलं. स्टीफन्सची भाषा पोथीतली, थोडी भारदस्त. हा माणूस वसई-ठाण्याच्या बोलीकडे वळला. जन्माची गोष्ट गोव्याकडे झाली, तर मरणाची गोष्ट आपल्याकडच्या बोलीत. उपासकाळात, ईस्टरच्या आधी, ही गाणी म्हटली जात.

पण मग हे सगळं गेलं कुठे?

१६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी आपली भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलायला लागावं. त्याआधीच गोव्यातला छापखाना बंद पडला होता, तो १८२१ पर्यंत सुरू झाला नाही. दीडशे वर्षांच्या आसपास एकही पुस्तक नाही! स्टीफन्सच्या पुराणाच्या तीन आवृत्त्या निघाल्या होत्या, त्यातली एकही छापील प्रत आज सापडलेली नाही. एकही नाही.

तरी पुराण आपल्या हातात आहे. ते वाचलं कुणी? लोकांच्या वह्यांनी. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी ते हाताने उतरवून ठेवलं होतं. कपाटात, पेटीत, फडक्यात गुंडाळून. त्या वह्यांवरून १९०७ साली मंगळूरला जोसेफ साल्दान्हा यांनी पुस्तक छापलं. नागरी अक्षरांत ते आलं १९५६ साली, पुण्याच्या शांताराम बंडेलूंनी आणलं. म्हणजे मराठीतलं पुस्तक मराठी अक्षरांत छापून यायला ३४० वर्षं लागली.

वह्या उतरवणाऱ्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. ओव्या पाठ असणाऱ्या आयाबायांची तर नाहीतच. पुस्तकावर नाव पाद्र्याचं, छापणाऱ्याचं. मधली दोनशे-अडीचशे वर्षं ज्यांनी सांभाळलं, त्यांच्यापुढे मोकळी जागा.

एका बाईचं नाव मात्र राहिलं, ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. लक्ष्मीबाई टिळक. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या. त्यांचे पती नारायण वामन टिळक, कवी. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले. मराठी चर्चमध्ये इंग्रजी गाण्यांची भाषांतरं म्हणत असत, ती टिळकांना रुचेनात. त्यांनी अभंग, भजनं, पदं लिहिली, शंभराहून जास्त, आणि ती आजही गातात. मग त्यांनी येशूच्या चरित्राचं महाकाव्य हाती घेतलं, ‘ख्रिस्तायन’. थोडेच अध्याय झाले आणि १९१९ साली टिळक गेले.

काम अर्धं राहिलं. ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी. ज्या बाईला लग्नानंतर नवऱ्याने अक्षरओळख करून दिली, जी स्वतःच्या लिहिण्याची स्वतःच थट्टा करायची, तिने पुढचे साठाहून जास्त अध्याय रचले. नवऱ्याने लिहिले त्याच्या कितीतरी पट! १९३६ साली त्या वारल्या. ‘ख्रिस्तायन’ म्हटलं की अजूनही टिळकांचं नाव आधी निघतं. पण बहुतेक सगळा तो दुसरा भाग बाईचा आहे, हे लक्षात ठेवा.

हे सगळं वाचून झाल्यावर मी आमच्या गटाची इतिवृत्त वही उघडली. मीच लिहिते ती. मागच्या तीन वर्षांचे कार्यक्रम काढले. हळदीकुंकू, महिला दिन, भोंडला, सहल. प्रत्येक ठिकाणी माझ्याच अक्षरात एक वाक्य: ‘महिलांनी गाणी सादर केली.’ कुणी म्हटली? कोणतं गाणं? कुणाकडून शिकली? काही नाही. हप्ता किती, व्याज किती, कोण गैरहजर, हे पैशापैशापर्यंत लिहिलंय. गाण्यापुढे मोकळी जागा. पोर्तुगीजांना नावं ठेवणं सोपं आहे. माझ्या वहीत मी काय केलं?

हेमा राईरकर आणि गी पॉइतवां या दोघांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत जाऊन जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, बायकांच्या आणि गावांच्या नावांसकट. इतकं मोठं काम आपल्याच्याने होणार नाही. पण एक पान होईल.

म्हणून आमच्या गटाने एक ठरवलं. इतिवृत्ताच्या वहीची शेवटची दहा पानं गाण्यांसाठी. गाणं जसं म्हटलं तसं लिहायचं, शुद्ध करायचं नाही. बोलीतला शब्द बोलीतच ठेवायचा. खाली तीन गोष्टी: म्हणणारीचं नाव, तिला कुणी शिकवलं, आणि कोणत्या कामाला किंवा सणाला म्हणतात. सगळं येत नसेल तर जेवढं येतं तेवढं लिहायचं आणि खाली ‘पुढचं राहिलं’ असं लिहून जागा सोडायची. फोनवर आवाज घ्यायचा असेल तर म्हणणारीला विचारून घ्यायचा. आणि धर्म, जात, सण कोणताही असो, पान एकाच वहीत.

पहिल्या पानावर मावशींच्या दोन ओव्या आहेत. मावशींनी त्यांच्या नावाखाली सासूचं नाव लिहायला लावलं. खाली अर्धं पान कोरं आहे. मावशींची नणंद वसईला असते, वय झालंय. मावशी म्हणतात, तिला पुढचं येत असेल. येत्या रविवारी आम्ही दोघी सकाळच्या गाडीने जाणार आहोत. वही पिशवीत ठेवली आहे.

तुमच्या गटात अशी अर्धी राहिलेली गाणी कुणाकुणाकडे आहेत, ते पुढच्या बैठकीत जरूर विचारा. बैठकीला कुणी म्हातारी येत नसेल तर तिच्या घरी जा. जाताना पेन न्यायला विसरू नका.