बस डे ते कोयता

पेरांबूरच्या कोच फॅक्टरीत मी नोकरीला लागलो तेव्हा मद्रासची कॉलेजची पोरं वर्षातून एकदा ‘बस डे’ करायची. रोजच्या बसला झेंडूच्या माळा, पुढे केळीचे खुंट, ड्रायव्हर-कंडक्टरला हार आणि मिठाई. वर्षभर दारात लोंबकळणाऱ्यांना सांभाळून नेलं, त्याचे हे आभार. बसच्या पत्र्यावर ताल धरून ‘गाना’ म्हणणारा, वर्गणी गोळा करणारा एक पोरगा पुढे असे. तो ‘रूट तला’, त्या मार्गाचा म्होरक्या.

पुढे या म्होरकेपणाचीच चढाओढ लागली. प्रेसिडेन्सी 1840 चं, पचैयप्पा 1842 चं. दोन्ही कॉलेजांचं वैर जुनं. त्यात आमची बस मोठी की तुमची, हेही आलं. मग दगड आले आणि दप्तरात वह्यांशेजारी पट्टाकत्ती आली, हातभर लांबीचं पातं. उच्च न्यायालयाने बस डेला मनाई केली, तरी म्होरके राहिलेच. जुलै 2019 मध्ये अरुंबाक्कमला 29ई बसमध्ये भरदुपारी पोरं कोयते घेऊन शिरली. मारणारे आणि मार खाणारे दोघेही पचैयप्पाचेच, फक्त मार्ग वेगळे. म्हाताऱ्या बायका जीव मुठीत धरून खाली उतरल्या. पोलिसांनी मार्गामार्गाचे तला हुडकून त्यांच्याकडून चांगल्या वर्तणुकीचे बॉन्ड लिहून घेतले. तरी ऑक्टोबर 2024 मध्ये सेंट्रल स्थानकाजवळ मार खाल्लेला प्रेसिडेन्सीचा एक विद्यार्थी काही दिवसांनी दगावला. एकोणीस वर्षांचं पोर! आईबापांनी कुणाकडे बघायचं?

पुण्यातल्या कोयता गँगच्या बातम्या वाचतो तेव्हाही मला हेच दिसतं: हत्यार शेवटी येतं, टोळीची खूण आधी येते. म्हणून नुसती दप्तरं तपासून भागत नाही. ऑगस्ट 2023 मध्ये तिरुनेलवेली जिल्ह्यातल्या नांगुनेरीत शाळकरी मुलांनी बारावीतल्या दलित मुलावर आणि त्याच्या बहिणीवर घरात शिरून कोयत्याने वार केले. तिथे टोळी जातीची होती. सरकारने नेमलेल्या निवृत्त न्यायमूर्ती के. चंद्रू यांच्या समितीने जून 2024 मध्ये अहवाल दिला. त्यांनी बोट ठेवलं ते मनगटावरच्या रंगीत दोऱ्यांवर, बोटातल्या अंगठ्यांवर, कपाळावरच्या खुणांवर: शाळेत यांतलं काही नको. शाळांच्या नावांतून जात काढा, मुलांना आद्याक्षरांच्या क्रमाने बसवा.

ही शेवटची शिफारस मला फार मोलाची वाटते. वर्गात कोण कुणाशेजारी बसतं, हे मास्तरांना रोज दिसतं आणि ते त्यांच्या हातात असतं. पोलिसांचा तिथे संबंधच येत नाही.